परसबागेतला वसंत: माघापासून वैशाखापर्यंत

पुण्यात फेब्रुवारीच्या आरंभी पहाटेचे तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असते आणि एप्रिल संपता संपता दुपारचा पारा ३८ ते ४० अंशांना जाऊन टेकतो. या दोन टोकांच्या मध्ये जो काळ येतो त्याला आपण वसंत म्हणतो. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे त्याचे महिने असले तरी भाजीपाला लावणाऱ्याला त्याचा हिशेब माघातच सुरू करावा लागतो. थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांत वसंत हा गोठलेली जमीन मोकळी होण्याचा आणि निवांत पेरणीचा ऋतू असतो. आपल्या पठारावर जमीन माघात उबदार होते, फाल्गुनात तापू लागते आणि चैत्र निम्मा होईपर्यंत अनवाणी पायाला सोसवत नाही. त्यामुळे येथे पेरणीला मिळणारा अवधी लहान असतो आणि उन्हाळा काढण्याची तयारी पेरणीच्याच दिवसापासून करावी लागते. बरीच वर्षे परसबाग सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की वसंतात मुळांभोवतीची जमीन थंड आणि ओलसर राखणे हेच मुख्य काम आहे; खत, औषध, मांडव, छाटणी ही बाकीची सारी कामे त्यानंतर येतात.

आमच्या घरामागची जागा फार मोठी नाही. पूर्वेला शेजारच्या इमारतीची सावली सकाळी नऊपर्यंत असते आणि पश्चिम बाजू पूर्ण उघडी आहे, म्हणजे हवे ते सकाळचे कोवळे ऊन कमी आणि नको ते दुपारनंतरचे तिरपे ऊन भरपूर, अशी तिची ठेवण आहे. माती काळी आहे आणि खाली मुरूम आहे. काळ्या मातीचा एक गुण आणि एक दोष येथे लगेच लक्षात येतो. ती पाणी चांगले धरते, पण उघडी राहिली तर आकसून तिला भेगा पडतात, त्या भेगांतून खोलवरची ओल निघून जाते आणि आकसताना बारीक पांढरी मुळेही तुटतात. वेलाला वरून कितीही पाणी घातले तरी तो सुकलेलाच का दिसतो, याचे कारण पुष्कळदा या भेगांत सापडते.

माघात वाफे करताना पावसाळ्याची सवय बाजूला ठेवावी लागते. पावसाळ्यात गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, योग्य असतो, कारण तेव्हा पाणी निचरून गेले पाहिजे. उन्हाळ्याच्या तोंडावर तोच गादीवाफा सर्व बाजूंनी वाऱ्याला उघडा पडतो आणि दुपारपर्यंत कोरडा होतो. म्हणून या दिवसांत मी वाफे जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित खोलगट ठेवते आणि वेलांसाठी हातभर रुंदीची आळी, म्हणजे पाणी धरणारे गोल खळगे, करते. आळ्यात पूर्ण कुजलेले शेणखत, थोडे गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून एकदा भरपूर पाणी देते व वाफसा येईपर्यंत थांबते. वाफसा आल्याखेरीज बी टाकण्याची घाई करू नये. चिखलात टाकलेले बी हवेअभावी कुजते, आणि माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा व बोटाने टोचल्यावर तो फुटावा, अशी स्थिती आली की समजावे बी टाकायला हरकत नाही. शेणखत कच्चे असेल तर ते जमिनीत कुजताना उष्णता देते आणि त्याबरोबर मुळे खाणारी हुमणी अळीही येण्याची भीती असते, तेव्हा त्याबाबतीत तडजोड करू नये.

भेंडी, गवार, चवळी आणि वेलभाज्या यांची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत करता येते. मी ती फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकण्याचा आग्रह धरते. त्याआधी रात्री गार असतात आणि भेंडीचे बी जमिनीत नुसते पडून राहते. त्यानंतर उशीर झाला तर रोप चार पानांचे असतानाच उन्हाच्या तडाख्यात सापडते. वेलभाज्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. दुधी, दोडका, काकडी, कारले यांच्या एकाच वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. हवा थंड आणि दिवस लहान असताना मादी फुलांचे प्रमाण वाढते. उष्णता आणि मोठा दिवस नर फुलांना अनुकूल असतो. उशिरा लावलेला वेल मांडवभर पसरतो, फुलतोही भरपूर, पण फळे मोजकी देतो, ते यामुळे.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावते. कारल्याच्या बीचे कवच जाड असल्याने ते भिजवल्यानंतर ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवावे लागते आणि मोड दिसला की आळ्यात लावायचे असते. दोडका आणि दुधी यांनाही तीच पद्धत चालते. गवार आणि चवळी मात्र थेट पेराव्यात. भेंडीसाठी मी परभणी क्रांती पसंत करते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हा वाण पुसा सावनी आणि भेंडीची एक रानटी जात यांच्या संकरातून तयार केला आणि पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. शेंगा मध्यम लांबीच्या, गडद हिरव्या असतात. वांग्यासाठी मांजरी गोटा हा आमच्याच परिसरातला वाण आहे. पुण्याजवळच्या मांजरीच्या नावाने ओळखले जाणारे हे गोल, जांभळट आणि पांढऱ्या पट्ट्यांचे काटेरी देठाचे वांगे भरण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही वांग्यापेक्षा मला सरस वाटते. काकडीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी आणि गवारीत पुसा नवबहार या जातींवर माझा विश्वास आहे. दोडक्याचे आणि दुधीचे बी मात्र मी विकत घेत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

रोपे वितभर झाली की आच्छादनाचे काम सुरू होते, आणि या कामासाठी निसर्गाने वेळ अगदी नेमकी साधली आहे. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कडुनिंब, पिंपळ, सावर आणि शिरीष आपली पाने गाळतात. ज्या आठवड्यांत जमीन झाकण्याची गरज पडू लागते, त्याच आठवड्यांत झाकण्याचे साहित्य झाडांखाली पडलेले असते. दुर्दैवाने तेच साहित्य आपल्याकडे झाडून, ढीग करून पेटवले जाते. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई आहे, तरीही फाल्गुनात सकाळी फिरायला निघाले की कोपऱ्याकोपऱ्यावर धूर दिसतो. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्या प्रत्येक ढिगात एका परसबागेची उन्हाळ्याची बेगमी असते. आमच्या गल्लीत झाडलोट करणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवले आहे की पाला पोत्यात भरून आमच्या फाटकाशी ठेवा. त्यांचे पेटवण्याचे काम वाचते आणि माझी वणवण. पहिल्या वेळी त्यांनी विचारले होते, “ताई, एवढ्या पाल्याचं करता तरी काय?” मी त्यांना वाफ्यापाशी नेऊन पाल्याखालच्या मातीत हात घालायला सांगितले. त्यानंतर पोती न सांगता येऊ लागली.

आच्छादन चार बोटे जाड असावे, पण रोपाच्या खोडाला ते टेकू देऊ नये. खोडाभोवती वितीएवढी जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंध्याशी ओल साचून बुरशी धरते. एकदा पाला पसरला की दोन-तीन आठवड्यांत तो दबतो आणि पुन्हा भर घालावी लागते. बारीक पानांचा कडुनिंबाचा पाला लवकर कुजतो, पिंपळाची पाने चिवट असल्याने जास्त टिकतात, म्हणून खाली कडुनिंब आणि वर पिंपळ असा थर मी देते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या चळवळीच्या माध्यमातून सामान्य माणसांना हेच समजावले होते, की आपल्या भोवतालचा पालापाचोळा ही सुपीकतेची ठेव आहे आणि ती बाहेरून विकत आणण्याची वस्तू नाही. त्यांच्या विचाराचा आधार माझ्यासारख्या अनेक घरगुती बागायतदारांना आजही आहे. पावसाळ्यापर्यंत या थराचा खालचा भाग काळसर, भुसभुशीत होतो, गांडुळे वर येऊ लागतात आणि काळ्या मातीला भेगा पडण्याचे थांबते.

पाण्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. दुपारी दोन वाजता दुधीची आणि तांबड्या भोपळ्याची मोठी पाने मान टाकतात आणि ते पाहून हातात झारी घेण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्या वेळी पानांतून बाष्प जाण्याचा वेग मुळांच्या पाणी शोषण्याच्या वेगापेक्षा जास्त झालेला असतो, इतकेच. जमिनीत ओल असेल तर ऊन उतरताच पाने आपोआप सावरतात. खरी परीक्षा सकाळची. सकाळी सातला पाने मलूल असतील तर पाणी कमी पडले आहे असे निश्चित समजावे. तरीही पाणी देण्यापूर्वी पाला बाजूला करून दोन पेरे बोट मातीत घालावे, कारण ओल असताना दिलेले पाणी मुळांची हवा हिरावून घेते. रोज थोडे थोडे पाणी देण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड, पण मुळांच्या खोलीपर्यंत पोहोचेल असे पाणी द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळेही वरच राहतात आणि वरची माती सर्वांत आधी तापते.

आमच्या भागात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी बंद असते, त्यामुळे मी वेलांच्या आळ्यात मडकी पुरली आहेत. बिनझिलईचे साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि तोंडावर झाकण ठेवायचे, म्हणजे डासही होत नाहीत आणि पाणी उडून जात नाही. भोवतालची माती कोरडी होऊ लागली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणे मंदावते; म्हणजे किती पाणी हवे ते मातीच ठरवते. मडक्याभोवती वेलाची मुळे जाळ्यासारखी जमतात, हे मोसम संपल्यावर मडके उकरून काढताना दिसते. नवे मडके उत्तम पाझरते, एक-दोन वर्षांनी क्षारांनी त्याची छिद्रे बुजू लागतात आणि ते बदलावे लागते. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी मिरची आणि वांग्याच्या वाफ्यात जाते. मोरीच्या पाण्यावर अळू आहे, ते वर्षभर काही न मागता वाढते.

पश्चिमेच्या उन्हासाठी पन्नास टक्के सावलीचे शेडनेट मार्चच्या मध्यावर लावते आणि ते फक्त पश्चिम बाजूने, पडद्यासारखे उभे. डोक्यावरून जाळी टाकली की भेंडी आणि गवार उंच, लेचीपेची होतात व फुले कमी लागतात. पूर्वी या जागी आई जुने धोतर बांधत असे आणि तेही काम चांगले करत असे. जागा असेल तर पश्चिमेच्या कडेला शेवगा लावावा. त्याची विरळ सावली भाज्यांना सोसते, आणि याच दिवसांत शेंगाही मिळतात.

आता फुलांविषयी, कारण वसंतातील परसबागेचा हा भाग मला सर्वांत प्रिय आहे आणि सर्वांत जास्त निराशाही लोकांच्या वाट्याला येथेच येते. “वेल फुलतो, बारीक दुधी दिसतात, पण पिवळे पडून गळतात,” ही तक्रार मी दर वर्षी ऐकते. त्यावर खते सुचवली जातात, कॅल्शियम सुचवले जाते, नाना औषधे सुचवली जातात. बहुतेक वेळा कारण साधे असते: मादी फुलाला परागकण मिळालेले नसतात. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण फुलाच्या खालीच त्या फळाचे इवलेसे, लवदार रूप असते; नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ असतो. परागण झाले तर ते इवले फळ दोन-तीन दिवसांत खाली वाकून फुगू लागते, झाले नाही तर पिवळे पडून, काळवंडून गळून जाते.

पुढची गोष्ट वेळेची. काकडी, कारले, भोपळा आणि घोसाळे यांची पिवळी फुले पहाटे किंवा सकाळी लवकर उमलतात. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि दोडक्याची पिवळी फुलेही संध्याकाळीच. दोडका आणि घोसाळे ही अगदी जवळची भावंडे, तरी एकाचे फूल मावळतीला आणि दुसऱ्याचे उगवतीला उमलावे, याचे मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटते. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर अंधार पडल्यानंतर पतंग येतात. शहरात दिव्यांच्या उजेडामुळे, फवारण्यांमुळे आणि रानफुलांच्या अभावामुळे हे पतंग कमी झाले असावेत, असे माझे निरीक्षण सांगते, आणि म्हणून दुधीला हातभार लावावा लागतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच दिवशी उमललेले नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळा परागकोश मादी फुलाच्या मधोमध असलेल्या तीन भागांच्या कुक्षीवर हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरते. सकाळी हे काम करण्यात अर्थ नाही, कारण तोवर दुधीचे फूल कोमेजलेले असते आणि चैत्राच्या कोरड्या हवेत परागकणही टिकत नाहीत.

काकडी आणि कारल्याचे काम मधमाश्या करतात. आमच्याकडे लहान फुलोरी माश्यांचे पोळे दर वसंतात कुंपणाच्या झुडपात लागते आणि सातेरी माश्या कोठून तरी येतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तरी या शहरात मधमाशी दिसली की आपले पहिले काम कीडनियंत्रणवाल्याला बोलावण्याचे असते, याचा खेद वाटतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांची रचना आणखी निराळी आहे. त्यांचे परागकोश नळीसारखे बंद असतात आणि टोकाच्या छिद्रातून पराग बाहेर पडायला कंपन लागते. काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशी फुलाला बिलगून पंखांच्या स्नायूंनी ते कंपन देतात, त्याचा वेगळा आवाज जवळ उभे राहिल्यास स्पष्ट ऐकू येतो. मधमाशीला हे जमत नाही. भुंगे येत नसतील तर सकाळी फुलांचा झुबका बोटाने हलके टिचकवावा. भुंग्यांना राहायला वाळके लाकूड लागते, म्हणून शेवग्याची एक वाळलेली जाड फांदी मी मुद्दाम तोडलेली नाही.

टोमॅटोविषयी मात्र आग्रह धरू नये. रात्रीचे तापमान २१-२२ अंशांच्या वर राहू लागले आणि दिवसा पारा ३५ च्या पुढे गेला की त्याची फुले गळतात. हा रोग नव्हे, त्या झाडाचा स्वभाव आहे. माघात लागलेली फळे चैत्रापर्यंत काढावीत आणि झाड उपटून जागा मोकळी करावी. मेथी, पालक आणि कोथिंबीर हीदेखील मार्चमध्ये तुऱ्यावर येतात. त्यांच्या जागी लाल माठ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, मायाळू आणि घोळ घ्यावी. उन्हाला न डगमगणाऱ्या या पालेभाज्यांना बाजारात मान कमी आहे, पण कडक एप्रिलमध्ये पेरणीनंतर महिनाभरात ताटात येणारी लाल माठाची भाजी दुसरे कोण देणार?

किडींचा क्रम ठरलेला असतो. फाल्गुनापर्यंत हवा सौम्य असताना मावा आणि पानांवर पांढरी भुकटी धरणारा भुरी रोग येतात, ऊन वाढले की तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी, आणि हवा पार कोरडी झाली की लाल कोळी. माव्याच्या बाबतीत मी पहिले आठ दिवस काहीच करत नाही, केवळ मुंग्यांची वाट बंद करते. मुंग्या माव्याचा गोड स्राव खातात आणि त्या बदल्यात त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात; त्या हटल्या की मावा खाणारे ढालकिडे आपले काम करतात. ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची आणि दिसायला भयंकर असते, त्यामुळे अनेक जण तीच आधी मारतात. ती ओळखायला शिकावे. लाल कोळ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा होतो. गंधकाची भुकटी कडक उन्हात वापरू नये, वेलभाज्यांची पाने तिने करपतात. हळद्या रोग झालेल्या भेंडीला उपाय नाही. पांढरी माशी तो पसरवते, म्हणून झाड दिसताक्षणी उपटावे. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकून लटकला तर आत शेंडा पोखरणारी अळी आहे. तेवढा शेंडा खाली दोन बोटे राखून कापावा आणि नष्ट करावा.

फळमाशीला मात्र गांभीर्याने घ्यावे लागते. ती कोवळ्या काकडीला, कारल्याला, दोडक्याला टोचून सालीखाली अंडी घालते, फळ त्या जागी वाकडे होते आणि आत अळ्या पडतात. अळ्या मोठ्या झाल्या की जमिनीत शिरून कोष करतात आणि तेथून पुढची पिढी बाहेर येते. म्हणून किडके फळ वेलाखाली पडू देणे किंवा खताच्या ढिगात टाकणे म्हणजे तिला घर करून देणे होय. अशी फळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत. परागण झालेल्या मादी फुलावर तीन दिवसांनी कागदाची किंवा मलमलीची पिशवी चढवणे हा घरगुती बागेत सर्वांत खात्रीचा उपाय आहे. क्यू ल्यूर या नर माशीला ओढणाऱ्या रसायनाचा कामगंध सापळा नर माश्यांना पकडतो, त्याचा उपयोग माश्या किती आल्या हे कळण्यासाठी जास्त होतो.

काढणीची लय भेंडी शिकवते. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने ती सुरू होते आणि फूल पडल्यानंतर पाच-सहा दिवसांत शेंग कोवळी काढावी लागते, त्यामुळे एक दिवसाआड फेरी चुकवता येत नाही. एक शेंग जून होऊन झाडावर राहिली की झाड बी तयार करण्याच्या मागे लागते आणि नवी फुले कमी करते. गवारीचे आणि चवळीचेही तेच. काकडी आणि दुधी यांच्याबाबत एक सावधगिरी सर्वांनी बाळगावी. उष्णता आणि पाण्याचा ताण यांमुळे काकडीवर्गीय फळांत कडवट द्रव्ये वाढू शकतात. काकडी कडू लागली तर आपण ती टाकून देतोच, पण दुधीचा रस औषध म्हणून डोळे मिटून पिणारे लोक आहेत, आणि कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही असा रस पिऊ नये असे स्पष्ट सांगितलेले आहे. दुधी चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागल्यास थुंकून ते सारे फळ टाकावे. घरच्या बागेतला दुधी आहे म्हणून ही परीक्षा टाळू नये.

दुधीच्या आणि दोडक्याच्या बियाण्याविषयी आता लिहिते. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी मूळ गुणांचे येत नाही, म्हणून या दोन्हींचे गावरान बी मी राखते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणे जपण्यासाठी, आणि त्यांच्या कामाने शहरातल्या आमच्यासारख्यांनाही बियाण्याकडे पाहण्याची वेगळी नजर दिली. दुधीचे बी राखताना तो दुसऱ्या, कदाचित कडू, जातीच्या परागाने फळलेला नसावा याची काळजी घ्यावी लागते. त्यासाठी संध्याकाळी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या दुपारीच दोऱ्याने बांधून ठेवते, सहा वाजता सोडून हाताने परागण करते आणि मादी फूल पुन्हा बांधते. देठाला रंगीत चिंधी बांधलेली असते, म्हणजे घरात कोणी ते फळ चुकून तोडत नाही. दोडका वेलावरच वाळू द्यावा. तो तपकिरी, हलका झाला आणि हलवल्यावर आत बी खुळखुळले की उतरवावा. बी सावलीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून बरणीत भरावे.

वैशाखात वळवाचे पाऊस येतात. एखाद्या दुपारी पश्चिमेचे आभाळ काळे होते, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात मांडव वाकतो. मांडवाच्या बांबूंना तिरके टेकू द्यावेत, तारा आवळून घ्याव्यात आणि पावसाची चिन्हे दिसताच शेडनेट सोडून गुंडाळावे, कारण वाऱ्यात ती जाळी शिडासारखी फुगून सारा मांडव ओढून नेते. गारा पडल्या तर फाटलेली पाने लगेच छाटू नयेत. जेवढा हिरवा भाग उरला आहे तेवढ्यावर वेल पुन्हा उभा राहतो. वळवानंतर मात्र दमट उष्णतेत फळमाशी झपाट्याने वाढते, तेव्हा पिशव्या पुन्हा तपासाव्यात.

रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत बहुतेक वेल थकलेले असतात. निरोगी वेल बारीक तोडून त्याच आळ्यात पाल्याखाली घालावेत, रोगट असतील ते बाहेर काढावेत, मडकी उकरून घासून ठेवावीत आणि खोलगट वाफे पुन्हा भरून मृगासाठी गादीवाफे करावेत. याच सुमारास कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडू लागतो, आणि पुढच्या वसंताची तयारी तेथून सुरू होते. त्या वेचून, गर धुऊन काढून, पाऊस येण्याआधी सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळती राहील अशा सुती पिशवीत टांगून ठेवाव्यात. प्लास्टिकमध्ये त्यांना बुरशी लागते. पुढच्या वसंतात तुडतुडे दिसू लागले की पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारावे, कारण उन्हात त्या अर्काचा गुण लवकर जातो. अर्क त्या त्या दिवशी ताजाच करावा. भिजवून ठेवलेला दुसऱ्या आठवड्याला कामाचा राहत नाही.